प्रत माहितीसाठी

दि. ९ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

विषय: तुझी प्रकृती विचारण्याबाबत.

हसू नकोस. किंवा हस, मला तेवढंच हवंय. एकोणतीस वर्षं छावणीच्या कार्यालयात हेडक्लार्की केलेल्या माणसाला विषय लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही, त्याला मी काय करू? तुझी आई म्हणते, लग्नाआधी मी तिला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही विषय होता. ते पत्र तिने जपून ठेवलंय आणि मला गप्प करायचं असलं की बाहेर काढते.

तू फोन उचलत नाहीस. आईने तुझ्या घरमालकिणीला फोन केला होता. त्या म्हणाल्या, पोरगी वेळेवर जाते, वेळेवर येते, दोन घास खाते आणि दार लावून घेते. नव्या डेपोत तुम्हा मुलींना राहायला जागा नाही म्हणून खोली घ्यावी लागली, हे एक बरंच झालं म्हणायचं. निदान पत्र थेट तुझ्या हातात तरी पडेल.

तू आईला लिहिलेलं पत्र मी ऐकलं. ऐकलं म्हणजे आईने वाचून दाखवलं. तुझं पत्र हल्ली ती माझ्या हातात देत नाही, मी लाल पेन शोधायला लागतो म्हणून. प्रशिक्षणाला गेलीस तेव्हा तुझी पत्रं दुरुस्त करून परत पाठवायचो, ते तिने अजून माफ केलेलं नाही. या पत्रात मात्र दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. वर्कशॉपमधल्या त्या मेजरने तुझ्यासमोर उभं राहून तुझ्याच जबाबातली गोष्ट तुला ऐकवली. स्टोअरच्या खिडकीची कडी तुटलेली होती, ती. ती गोष्ट तू एकाच कागदावर लिहिली होतीस आणि तो कागद वकीलबाईंकडे गेला होता. त्यानंतर तीन दिवसांत, सहा सप्टेंबरला, तुझ्यावर हुकूम मोडल्याचा आरोप ठेवला आणि आठला तुझी बदली केली. आता कमांडर म्हणतोय की मेजरविरुद्धची तुझी तक्रार आपल्याला चौदा तारखेला कळली, आरोप आधीचा आहे, म्हणजे तू सूड म्हणून खोटं रचलंस. आणि तू म्हणतेस, वकीलबाईंनीच घात केला, म्हणून तू त्यांचं वकीलपत्र काढून घेतलंस.

मला नाही तसं वाटत. का ते विचारू नकोस. माणसांचा थोडाफार अनुभव आहे, एवढं समज आणि त्या बाईंकडे परत जा. चौकशीत तुझ्या शेजारी कुणीतरी हवं.

हे मी आईलाही म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही त्या बाईला कधी पाहिलंय का? म्हटलं, नाही. कधी बोललात? नाही. मग मी गॅस नीट बंद केलाय का ते बघायला उठलो.

घरी सगळं ठीक. मला बसवत नाही, एवढंच. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आता कुठलंच दार वाजत नाही आणि मी मागे येऊन उभा राहिलो की आई दचकते. काल तिने मला गळ्यात घंटा बांधायची धमकी दिली. कपाटातल्या जुन्या फायली काढल्या, लावल्या, परत काढल्या. रोज दोनदा टपाल कार्यालयापर्यंत चालत जातो. खिडकीवरची बाई विचारते, काय पाठवायचंय? काही नाही म्हणतो आणि परत येतो.

जेवत जा.

तुझे बाबा

प्रत: आईला, माहितीसाठी. (ती मागे उभी राहून वाचतेच आहे.)


दि. १५ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

विषय: वकीलबाईंच्या भेटीबाबत.

रागावशील, तरी सांगतो. मी त्यांच्याकडे जाऊन आलो.

सैन्यातल्या मुली आणि सैनिकांच्या बायका यांना कायद्याची मदत देणारं केंद्र म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर मोठी पाटी, शिपाई, गेलाबाजार दोन टायपिस्ट होते. निघाल्या चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्या माणसाला वाट द्यायला मी चार पायऱ्या मागे आलो. पाटी नाहीच. बाहेरच्या खोलीत दोन बाकं आणि पाण्याचा माठ. तिथे नाव कुणी पुकारत नाही. आत गेल्यावर एक पुठ्ठ्याचा रंगीत तुकडा हातात देतात आणि त्या रंगाने हाक मारतात. मला राखाडी मिळाला. शोभतो मला. माझ्या समोर ‘हिरवी’ बसली होती, गणवेशातली, तुझ्याच वयाची, बूट चकचकीत आणि हात सारखे मांडीखाली. शेजारी ‘केशरी’, पन्नाशीची बाई, मनगटाला प्लास्टर. मी सवयीने विचारलं, पडलात का? ती म्हणाली, सगळे हेच विचारतात. मी उठून माठातलं पाणी प्यायलो.

तुझ्या वकीलबाई बुटक्या आहेत, भराभर बोलतात आणि चष्मा डोक्यावर ठेवून टेबलभर शोधतात. मी ओळख सांगितली. त्या म्हणाल्या, बसा, पण तुमच्या मुलीबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. मी म्हटलं, मी तिचा बाप आहे. त्या म्हणाल्या, तरीही. मी म्हटलं, निदान चौकशीची तारीख तरी. त्या म्हणाल्या, तिला विचारा.

मला राग आला. मी एकोणतीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे, या बाजूला बसून नकार ऐकायची सवय नाही. उठलो, जिना उतरलो आणि चष्म्याच्या दुकानाशी थांबलो. तिथे कळलं की मी रागावलेला नाही, मला हायसं वाटतंय. भिंगरी, जी बाई जन्मदात्या बापाला तारीख सांगत नाही, ती मेजरला तुझा कागद देईल? तूच विचार कर. (तारीख आईकडून कळली, आठ नोव्हेंबर. तू तिला सांगितलीस आणि मला नाही. असो.)

तू म्हणशील, मग कागद फुटला कसा. फुटतात कागद. टपालात उघडतात, कुणी शिपाई वाचतो, शंभर वाटा असतात.

हे वाक्य लिहून मी अर्धा तास अंगणात फेऱ्या मारून आलो. खोडणार होतो, पण खाडाखोड केलेलं पत्र मी आजवर पाठवलेलं नाही, म्हणून राहू देतो.

तू त्यांच्याकडे परत जा. माझं एवढं ऐक.

तुझे बाबा

प्रत: आईला.


दि. १९ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

विषय:

विषय लिहिता येत नाहीये. चार पत्रं फाडली. हे पाचवं. हे फाडायचं नाही असं ठरवून बसलोय, आणि आई बाहेर गेल्यावर लिहायला घेतलंय. तिला ठाऊक आहे. काल सांगितलं तिला. त्याबद्दल पुढे.

आधी एक जुनी गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढची सांगता येणार नाही. तू सहावीत असशील. माझ्या खिडकीवर एक बाई यायची, सैनिकाची बायको. कडक ऊन असो की ढग, तिच्या हातात निळी छत्री, आणि ती एका बाजूला इतकी खाली धरायची की अर्धा चेहरा झाकला जावा. ऑफिसात तिला आम्ही छत्रीवाली म्हणायचो. विनोदाने, आणखी काय. नवरा मारतो, मुलांसह वेगळं राहायचंय, त्याच्या वरिष्ठांनी काहीतरी करावं, असा अर्ज होता. पहिल्यांदा मी तो परत केला, नवऱ्याच्या तुकडीचा क्रमांक नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा क्रमांक होता, पण अर्ज थेट वर लिहिला होता. मी शेरा मारला: ‘योग्य मार्गाने सादर करावे.’ योग्य मार्ग म्हणजे नवऱ्याच्या कमांडरमार्फत. तिसऱ्यांदा ती कमांडरचं नाव घालून घेऊन आली, तर कुटुंबप्रमुखाची सही नव्हती. कुटुंबप्रमुख म्हणजे तोच. मी तिला हे समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, आवाज न चढवता. ती ऐकत होती आणि छत्रीच्या काड्यांवरून बोट फिरवत होती. चौथ्यांदा ती आली नाही. मी फाइलवर लिहिलं, ‘अर्जदार पुन्हा आली नाही. निकाली.’ आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, एक प्रकरण कमी झालं म्हणून. घरी येऊन तुझा गणिताचा अभ्यास घेतला असेल.

आता तुझं.

अठ्ठावीस ऑगस्ट, रविवार. तुझी रजा संपत होती. आदल्या संध्याकाळी तू आम्हा दोघांना सांगितलंस, स्वयंपाकघरात, उभ्यानेच. मेजरने स्टोअरचं दार लावून घेतलं, जबरदस्ती केली, आणि बाहेर येऊन सुट्या भागांच्या यादीवर तुझी सही घेतली. आईने तुझा हात धरला. मी विचारलं, वरिष्ठांना योग्य मार्गाने कळवलंस का? तू माझ्याकडे बघितलंस. मग हसलीस. ते हसू मला अजून ऐकू येतं. सकाळी निघताना तू मला एक बंद पाकीट दिलंस. म्हणालीस, ‘बाबा, आज टपाल बंद आहे. उद्या हे एवढं टाका. उघडू नका.’ वर वकीलबाईंचा पत्ता होता.

मी उघडलं.

वाफेवर धरून, व्यवस्थित, ऑफिसात शिकलो तसं. वाचलं. ते वाचून काय झालं ते मी लिहिणार नाही, तो माझा प्रश्न आहे. पण भिंगरी, वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की कागदावर ‘मार्फत’ नाही. की हा अर्ज कुणीतरी माझ्यासारखा खिडकीवर बसलेला माणूस परत करील. तुझ्या बाजूने काही राहून जाऊ नये, पोरीचं प्रकरण तांत्रिक कारणावरून फेटाळलं जाऊ नये. शपथेवर सांगतो, मला एवढंच वाटलं. मी तुझ्या जबाबाची एक प्रत काढली. वर माझं पत्र जोडलं, सुबक, तीन परिच्छेदांचं. विषयात ‘अनुचित वर्तनाबाबत’ लिहिलं. तू लिहिलेला शब्द मला टाइप करवेना. मूळ जबाब परत पाकिटात घालून, डिंक लावून वकीलबाईंना पाठवला. आणि ती प्रत तुझ्या कमांडरला. माहितीसाठी. रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह.

तुझा कागद वकीलबाईंनी फोडला नाही. टपालात फुटला नाही. मी फोडला. मागच्या पत्रातलं ‘शंभर वाटा असतात’ हे खोटं होतं. वाट एकच होती आणि ती आपल्या जेवणाच्या टेबलावरून गेली.

गेले सात आठवडे हे माहीत असून मी गप्प बसलो. तू त्या बाईंना घातकी म्हणालीस, तेव्हाही गप्प बसलो. मला वाटलं, तुला न सांगताच तुला त्यांच्याकडे परत पाठवता येईल. म्हणजे तुझंही काम होईल आणि माझंही झाकलेलं राहील. बघ, इथेही मसुदा माझ्या सोयीचाच.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने हातातलं खाली ठेवलं. तिने ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली, ‘तिने फक्त “उघडू नका” म्हटलं होतं. तुमच्याकडे आयुष्यात एवढंच मागितलं होतं तिने.’ मग ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. वाजलंही नाही. बिजागऱ्यांना मीच तेल घातलं होतं.

माझं काय करायचं ते तू ठरव. पण त्या बाईंवरचा राग माझ्यावर घे आणि त्यांच्याकडे परत जा. मला शरम वाटते. शरम म्हणजे काय ते मला या वयात कळतंय, हीसुद्धा शरमेचीच गोष्ट.

बाबा


दि. २४ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

विषय: परवानगी मिळण्याबाबत.

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. खोटं बोललो. केली होती. टपालवाला आमच्या गल्लीत सव्वाअकराला येतो आणि मी अकरापासून फाटकाचा रंग खरवडत उभा असतो. अर्धं फाटक उघडं पडलंय. शेजारीण विचारते, रंगवताय का? म्हणतो, हो, बघू.

गेल्या शुक्रवारी टेबलाचा खण आवरताना ती सापडली. आवरताना म्हणजे तिसऱ्यांदा आवरताना. कमांडरच्या कार्यालयातून परत आलेली पोचपावती. माझ्या हातचा पत्ता, खाली तिथल्या टपाल कारकुनाची सही, कार्यालयाचा गोल शिक्का आणि तारीख. दोन सप्टेंबर.

ती उजेडात धरून दोनदा वाचली. मग मी खाली बसलो. कमांडर म्हणतो चौदा तारखेला कळलं, आणि इथे त्याचाच शिक्का दोन तारखेचा. तुझ्यावरचा आरोप सहाचा. म्हणजे तुझी तक्रार आधी, आरोप मागून. सूड कुणी उगवला ते या चार बोटांच्या कार्डावर लिहिलंय.

उठलो तो तडक चष्म्याच्या दुकानावर. या वेळी तुकडा निळा मिळाला. वकीलबाईंना सगळं सांगितलं, वाफेपासून डिंकापर्यंत. त्यांनी चष्मा डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सहा जणींचा कागद असाच कुणीतरी भल्यासाठी पुढे पाठवलेला असतो. भाऊ पाठवतो, कमांडरची बायको पाठवते. तुम्ही निदान येऊन सांगितलंत. हे त्या कौतुकाने म्हणाल्या असं समजू नकोस, त्यांचा आवाज तसा नव्हता.

मी पावती पुढे केली. त्यांनी हातात घेतली नाही, टेबलावर ठेवायला सांगितली, वाकून वाचली. शिक्क्यावरच्या तारखेशी येऊन पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, मी आता तुमच्या मुलीची वकील नाही, तेव्हा हे मी वापरू शकत नाही. असते तरी तिला विचारल्याशिवाय वापरलं नसतं. ही पावती मांडली की तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल. तुमचं ते पत्रही निघेल, ‘अनुचित वर्तन’वालं. ते विचारतील, बाप म्हणतो अनुचित वर्तन, मुलगी म्हणते जबरदस्ती, खरं काय? हे सगळं भर चौकशीत तिच्यासमोर होईल. ते तिला झेपेल की नाही, हवं की नको, हे मी ठरवणार नाही. तुम्ही तर नाहीच नाही.

मी मान डोलावली. पावती उचलली. आणि तोंडातून निघून गेलं, ‘सुरक्षित म्हणून एक प्रत काढून ठेवू?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तिला विचारलंत?’

सोबत मूळ पावती पाठवतो आहे. वकीलबाईंकडे प्रत नाही. माझ्याकडे प्रत नाही. फोटो नाही. क्रमांकसुद्धा टिपून ठेवलेला नाही. प्रत न ठेवता महत्त्वाचा कागद बाहेर पाठवायची ही माझी पहिलीच वेळ. वाटेत हरवला तर गेला. तू फाडलास तरी गेला. मग कमांडरचं चौदा तारखेचं खोटं तसंच उभं राहील, आणि तुझी नोकरी, तुझं नाव, सगळं त्या खोट्याखाली जाईल. हे मला कळतं. पण तो कागद तुझा आहे. पहिल्या दिवसापासून तुझाच होता.

तेव्हा अर्ज असा: ही पावती वापरायची किंवा नाही, आणि वापरल्यास मी साक्षीला उभं राहायचं किंवा नाही, याबद्दल आपली परवानगी मिळावी. तू नाही म्हणालीस तर हे प्रकरण माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. यात ‘मार्फत’ कुणीही नाही. अर्ज थेट तुला आहे.

अर्जदार,
तुझे बाबा

सोबत: एक पोचपावती.
प्रत: ठेवलेली नाही.


दि. ३ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

विषय नाही. थेटच लिहितो.

एकतीस तारखेला माझ्या रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली. तुझी सही होती. तीच, शेवटच्या अक्षराचं शेपूट पाना आवळल्यासारखं वळवलेली. आईने ती घेतली आणि पदराने पुसली, तिच्यावर काही नसताना. आईला लिहिलेल्या त्या पत्रानंतर तुझ्या हातचं घरी आलेलं एवढंच. तीन दिवस ती स्वयंपाकघरात डब्याला टेकवून ठेवली होती. आई माझ्याशी अजून मोजकंच बोलते, पण त्या सहीबद्दल बोलली. म्हणाली, हात स्थिर दिसतोय.

या तीन दिवसांत मी फाटक रंगवलं. दोनदा. पहिला रंग आवडला नाही.

आज सव्वाअकराला टपालवाला आला. मोठं पाकीट, वर माझं नाव, तुझं अक्षर. मी तिथेच फाटकाशी उघडलं. आत चिठ्ठी नव्हती. एक ओळही नाही. आत दुसरं पाकीट, बंद, जाड, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं, आणि वर वकीलबाईंचं नाव.

भिंगरी, तुझ्या खोलीपासून टपालपेटी किती लांब आहे मला ठाऊक नाही. पण वकीलबाईंचा पत्ता तुला पाठ आहे. तुला ते थेट पाठवता आलं असतं. एका तिकिटात, दोन दिवस लवकर. मी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. ‘उघडू नका’ हे या वेळी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी रडलो. फाटकाचा रंग ओला होता, तो सगळा बाहीला लागला. शेजारीण बघत होती. बघू दे.

मग आत आलो, पाकीट टेबलावर ठेवलं आणि कपडे बदलले. आई पाकिटाकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग गॅसवरच्या भांड्याकडे. त्या भांड्यात चहाचं पाणी उकळत होतं, वाफ येत होती. तिने पुढे होऊन गॅस बंद केला. आणि मग आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी. तुझ्या प्रकरणात हसण्यासारखं काही नाही हे कळून हसलो.

टपालात टाकवेना, म्हणून स्वतः घेऊन गेलो. बसमध्ये दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. आत काय आहे ते चाचपलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा चाचपलं. एका कोपऱ्याला पुठ्ठ्यासारखं काही लागलं, चार बोटांचं. मग मात्र हात काढून घेतला आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघितलं.

आज तुकडा मागितला नाही, म्हटलं फक्त द्यायला आलोय. वकीलबाई दारात आल्या. पाकीट घेतलं, चिकटपट्टी चारी बाजूंनी बघितली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी जिन्यात उभा राहिलो. जावं की थांबावं कळेना. चार पायऱ्या उतरलो, दोन चढलो. एक मुलगी वर येत होती, तिला वाट दिली. दहा मिनिटांनी त्या परत आल्या. चष्मा डोळ्यांवर होता. म्हणाल्या, ‘आठ तारखेला साडेदहा वाजता. तुम्हाला यावं लागेल.’

आणखी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणजे विचारायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं.

ते मला काय विचारतील हे मला कळतं. पाकीट का उघडलंत, आणि ‘अनुचित वर्तन’ का लिहिलंत. घरी येऊन उत्तराचा मसुदा करायला बसलो. सात पानं झाली. त्यात छत्रीवाली होती, नियम होते, माझी एकोणतीस वर्षं होती, बापाचं काळीज वगैरेही होतं. आईला वाचायला दिलं. तिने माझंच लाल पेन घेतलं. पहिलं पान खोडलं, दुसरं खोडलं, असं करत सातही खोडली आणि शेवटच्या पानाच्या तळाशी दोन ओळी शिल्लक ठेवल्या. ‘मुलीने विश्वासाने दिलेलं पाकीट मी उघडलं. तिने लिहिलेला शब्दच खरा आहे, तो लिहायची हिंमत मला झाली नाही.’ म्हणाली, एवढंच बोला आणि तिच्याकडे बघून बोला.

मी ते पाठ केलंय. दोनच ओळी आहेत आणि मी फेऱ्या मारत म्हणतोय. दुसऱ्या ओळीपाशी आवाज जातो. पाच दिवस आहेत, येईल.

त्या दिवशी मी तुझ्याशी बोलायला येणार नाही, तू बोलावल्याशिवाय. आई तुझ्या शेजारी बसेल. मी साक्षीदारांच्या बाकावर असेन, राखाडी शर्टात.

बाबा

प्रत: कुणालाही नाही.